जुनी सायकल आणि दुखरी मान

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आपला दोष अंगणाच्या माथीं मारूं नये, हा तिचा बोध. परंतु क्वचित् असेंही घडतें कीं, नाचणारा निर्दोष असतो आणि अंगणच खरोखर वांकडें असतें. अशा वेळीं नाचणारास बोल लावण्यांत अर्थ नाहीं, आणि अंगण सोडून जाणें हेंही शहाणपणाचें नाहीं. कुदळ-फावडें घेऊन तें सारखें करावें हेंच उत्तम. गेल्या वर्षीं आमच्या घरीं एका जुन्या सायकलीच्या बाबतींत हाच अनुभव आला. आपल्या शाळेंतील कितीतरी विद्यार्थी वडील भावाची, काकाची किंवा मामाची जुनी सायकल घेऊन येतात. त्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडावी म्हणून ती हकीकत, आणि तिच्यांतून मिळालेली माहिती, येथें देत आहें.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मीं एक माउंटन बाइक, म्हणजे डोंगरी सायकल, घेतली होती. जाड टायर, सरळ आडव्या दांडीचें हँडल आणि पुष्कळसे गिअर, असें तिचें रूप होतें. तेव्हां साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट तिजवरून चढून जाण्यांत मला मोठा पुरुषार्थ वाटे. पुढें ती माळ्यावर पडून राहिली. गेल्या जून महिन्यांत आमचा पुतण्या नववींत गेला. घरापासून शाळा सात किलोमीटर, आणि एस्. टी. ची गाडी आज वेळेवर तर उद्यां पाऊण तास उशिरां. म्हणून ती सायकल खालीं काढून, नवे टायर घालून, त्याच्या स्वाधीन केली. पहिला आठवडा मोठ्या आनंदांत गेला. दुसऱ्या आठवड्यांत तो म्हणूं लागला, "काका, मान धरते." तिसऱ्या आठवड्यांत कंबर बोलूं लागली. घरीं आल्यावर मुलगा पुस्तक घेऊन बसेना, आडवा होई. वहिनींनीं तेल चोळलें, शेक दिला. परंतु दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पुन्हां तेंच. अखेर त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाका. पोराच्या मानेपेक्षां का सायकल मोठी?" दादाही गप्प बसले. नवी सायकल घेण्यासारखी त्या वर्षीं घरची स्थिति नव्हती, आणि एस्. टी. वर विसंबलें तर सकाळचा पहिला तास रोज बुडणार, हें दोघांसही ठाऊक होतें. मीं त्यांच्यापाशीं एक महिन्याची मुदत मागून घेतली.

प्रथम असा प्रश्न पडतो कीं, जी सायकल मला कधीं दुखली नाहीं ती या मुलास कां दुखावी? याचें उत्तर तिच्या जन्मकथेंत आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, मरीन नांवाचा परगणा आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं हौशी तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून भरधाव उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं अशा एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या उतारावर मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं, आंतलें ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे; म्हणून शर्यतीस 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हां भरणें', असें नांव पडलें. १९७७ च्या सुमारास जो ब्रीझ या कारागिरानें केवळ याच कामासाठीं नवी सायकल घडविली, आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या प्रकारच्या शर्यतीस स्थान मिळालें. तात्पर्य, त्या काळच्या डोंगरी सायकली शर्यतीच्या खेळाडूकडे दृष्टि ठेवून बनविल्या जात. खडा चढ चढतांना पुढील चाक उचललें जाऊं नये म्हणून स्वाराचें वजन पुढें यावें लागे. यासाठीं हँडल लांब, अरुंद आणि सीटपेक्षां खालीं ठेवीत. घाटांत जें सोयीचें तें सपाट रस्त्यावर, पाठीवर दप्तर घेतलेल्या चौदा वर्षांच्या मुलास गैरसोयीचें व्हावें, यांत नवल तें काय?

आतां शरीराकडे पाहूं. मोठ्या माणसाच्या मस्तकाचें वजन साधारणपणें साडेचार ते पांच किलो असतें. आपण ताठ उभे असतों तेव्हां हें ओझें मणक्यांच्या खांबावर समतोल बसलेलें असतें व मानेच्या स्नायूंस फारसे श्रम पडत नाहींत. परंतु हँडल दूर व खालीं असलें म्हणजे धड पुढें वांकतें. डोळे मात्र रस्त्यावर ठेवावेच लागतात, म्हणून मान मागें मोडून डोकें वर उचलावें लागतें. पाण्यानें भरलेली कळशी छातीशीं धरली तर हलकी वाटते आणि हात लांब करून धरली तर क्षणांत जड होते. तोच प्रकार येथें घडतो. मानेच्या मागील व खांद्यावरील स्नायू अर्धा तास आवळलेले राहतात व संध्याकाळीं तक्रार करितात. कंबरेची गोष्टही तशीच. हात पोहोंचविण्यासाठीं पाठीची कमान करावी लागली कीं, कंबरेचे स्नायू व बंध सतत ताणलेले राहतात.

मग अगदीं ताठ बसावें काय? आमच्या आजोबांच्या काळची काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल आठवा. तिचें हँडल मागें वळलेलें असे व स्वार सिंहासनावर बसल्यासारखा ताठ बसे. मानेस त्रास नसे. परंतु सर्व भार सीटवर पडे व रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ मणक्यांत जाई. म्हणूनच त्या सायकलींच्या सीटखालीं मोठाल्या स्प्रिंगा असत. डोंगरी सायकलीच्या सीटखालीं त्या बहुधा नसतात. तेव्हां मध्यम मार्गच बरा: धड किंचित् पुढें झुकलेलें, कोपरें थोडीं वांकलेलीं, आणि हातांवर अल्पसा भार.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं दोन नियम ध्यानांत ठेवावे. पहिला असा कीं, आरंभ सीटपासून करावा, हँडलपासून नव्हे. कारण हँडल उंच कीं सखल हें सीटच्या मानानेंच ठरतें. दुसरा असा कीं, एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत लिहून ठेवावा, आणि चार दिवस सायकल चालवून मगच पुढें जावें. सर्व कांहीं एकदम बदललें तर कशानें गुण आला व कशानें बिघडलें हें कळत नाहीं. सुरुवातीस मूळच्या जागेवर पेन्सिलीनें खूण करून ठेवली म्हणजे परत फिरण्याची वाटही मोकळी राहते.

सीटची उंची ठरविण्याची सोपी रीत अशी: भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसावें, पायडल अगदीं खालीं न्यावें व त्यावर टांच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूस कलतां कामा नये. मग चालवितांना चवडा पायडलवर ठेवला कीं गुडघ्यांत आपोआप थोडा वांक राहतो. ज्यांस मोजमापाची आवड आहे त्यांनीं अनवाणी भिंतीस पाठ लावून उभें राहावें, पायांमध्यें एक पुस्तक घट्ट धरून त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजावें, व त्यास ०.८८३ नें गुणावें. क्रँकच्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढें अंतर ठेवावें. ही रीत १९८६, १९८९ आणि १९९० सालीं फ्रान्सची मोठी शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग लेमॉन्ड यांच्या नांवानें ओळखली जाते. आमच्या मुलाचें माप ७६ सेंटिमीटर भरलें. गुणाकार सुमारें ६७ सेंटिमीटर आला. प्रत्यक्षांत सीट ७१ वर होतें! अर्थात् प्रत्येक फेऱ्यास त्याची कंबर डावीकडे-उजवीकडे डुलत होती, आणि कंबरदुखीचें अर्धें कारण तेंच होतें. सीट फार खालींही नसावें. त्यानें गुडघ्यांवर भार येतो. सीटची नळी वर घेतांना तिजवर कोरलेली मर्यादेची रेघ चौकटीच्या बाहेर कधींही दिसूं देऊं नये.

नंतर सीटचा उतार पाहावा. सीटवर एक सरळ फळी व तिजवर पाणसळ ठेवावी. सीटचें नाक वर गेलेलें असेल तर कंबरेचें हाड मागें लोटलें जातें व पाठ गोल होते. १९९९ सालीं इस्रायलमधील कांहीं वैद्यांनीं याची परीक्षा करून असें प्रसिद्ध केलें कीं, सीटचें नाक खालीं झुकविल्यानें अनेक हौशी स्वारांची कंबरदुखी कमी झाली. तथापि घरच्या घरीं सपाटीपासून आरंभ करावा व दर खेपेस थोडेंसेंच झुकवावें. फार झुकविलें तर स्वार पुढें घसरतो व सगळा भार मनगटांवर येतो. सीट पुढें-मागें सरकविण्याचीही सोय असते. क्रँक आडवी ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीमागून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या आंसाजवळ यावा, असा ढोबळ नियम आहे. हँडल दूर वाटतें म्हणून सीट फार पुढें ओढणें मात्र चुकीचें. तें म्हणजे डोकेंदुखीस पायाला औषध लावण्यासारखें होय.

आतां मुख्य काम, म्हणजे हँडल. हँडलची आडवी दांडी ज्या वांकड्या तुकड्यावर बसविलेली असते त्यास कारागीर 'स्टेम' म्हणतात. जुन्या सायकलींत हें स्टेम चिमट्याच्या नळींत उतरलेलें असतें व आंतून एका पाचरेनें घट्ट बसतें. तें वर घ्यावयाचें असल्यास माथ्यावरील बोल्ट दोन-तीन फेरे सैल करावा, त्यावर लांकडाचा तुकडा ठेवून हातोडीनें हलकेच ठोकावें, म्हणजे पाचर सुटते. मग पुढील चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळत वर घ्यावें. येथेंही मर्यादेची रेघ कोरलेली असते. ती नळीच्या बाहेर आली तर स्टेम चालत्या सायकलींत निखळूं शकतें. हा नियम कोणीही, कितीही मोह झाला तरी, मोडूं नये. मीं हँडल तीन सेंटिमीटर वर घेतलें. पूर्वीं तें सीटपेक्षां सहा सेंटिमीटर खालीं असे. सीट चार सेंटिमीटर उतरलें आणि हँडल तीननें चढलें, त्यामुळें आतां तें सीटपेक्षां एक सेंटिमीटर उंच झालें.

येथें माझ्या हातून एक चूक घडली, ती सांगणें अवश्य आहे. त्या जातीच्या जुन्या सायकलींत पुष्कळदां पुढील ब्रेकची तार स्टेमवरूनच खालीं जाते. मी हँडल वर घेतलें आणि समाधानानें हात पुसले. मुलानें सायकल ढकलली तों चाक हलेना! तार ताणली जाऊन ब्रेकचे रबर रिमला घट्ट बसले होते. हा प्रकार निदान लगेच दिसला. परंतु कोणी स्टेम खालीं केलें तर तार ढिली पडून ब्रेक मुळींच लागणार नाहीं, आणि तें उतारावर कळेल! म्हणून स्टेमला हात लावला कीं ब्रेकची तार पुन्हां जुळवावी, हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून कोणतीही तार ताणत नाहीं हें पाहावें, चाक पायांत धरून हँडल पिळून पाहावें, आणि मगच रस्त्यावर जावें. स्वतःची खात्री नसेल तर माहितगार कारागिराकडे जावें. त्यांत कमीपणा नाहीं.

कांहीं सायकलींत स्टेम चिमट्याच्या नळीवर बाहेरून आवळलेलें असतें. अशा ठिकाणीं तें वर ओढतां येत नाहीं. तेथें स्टेमच्या वरील कड्या काढून खालीं घालतां येतात, किंवा खालीं झुकणारें स्टेम उलटें बसवून वर झुकवितां येतें. पुन्हां बसवितांना आधीं माथ्यावरील टोपीचा बोल्ट हलक्या हातानें, खटखट थांबेपर्यंतच आवळावा, व नंतर बाजूचे बोल्ट पक्के करावे. टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवण्यासाठीं नसून केवळ गोळ्यांचा सैलपणा काढण्यासाठीं असतो, हें पुष्कळांस माहीत नसतें.

उंचीनें मानेचा त्रास निम्मा झाला. उरलेला लांबीचा होता. आमचें स्टेम १३० मिलिमीटर लांब होतें. सायकल दुरुस्तीच्या दुकानांतील जुन्या सामानाच्या ढिगांत ८० मिलिमीटरचें एक मिळालें. असें स्टेम घेतांना आपलें जुनें बरोबर न्यावें; कारण नळींत जाणारा भाग कांहींचा २२.२ तर कांहींचा २५.४ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि 'जवळपास बसतें' असें बसविलेलें स्टेम घातक होय. स्टेम न मिळाल्यास टोंकें वर व मागें वळलेली हँडलची दांडी घातल्यानेंही मुठी जवळ येतात. अंतर योग्य आहे कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या मैदानांत सावकाश चालवितांना कोपरें सैल राहावीं, आणि हातांवरचा भार हलका केला तर धड पुढें कोसळूं नये. शेवटीं ब्रेकची मूठ अशी वळवावी कीं, पुढील बाहु, मनगट व बोटें एका रेषेंत राहतील.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनीं शेवटचा गुण दिला. पहिली टायरमधील हवा. दुकानदारानें नव्या टायरांत दगडासारखी हवा भरली होती. टायरच्या बाजूवर किती पौंडांपासून किती पौंडांपर्यंत हवा चालते तें छापलेलें असतें. पंचेचाळीस किलोच्या मुलानें वरच्या आंकड्यापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. जाड टायर मऊ असला म्हणजे खड्ड्याचा धक्का मानेपर्यंत जात नाहीं. दुसरी गोष्ट दप्तर. मुलाच्या वजनाच्या एकदशांशाहून दप्तर जड नसावें, असें भारत सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणांत सांगितलें आहे. आमच्या मुलाचें दप्तर तोललें तों सात किलो भरलें! पाठीवरील दप्तर खांद्यांस मागें ओढतें, आणि मान तेवढीच अधिक ताणावी लागते. आम्हीं सायकलीस कॅरिअर बसविलें, दप्तर त्यावर बांधलें, आणि वेळापत्रक पाहून नको तीं पुस्तकें घरीं ठेवावयास सांगितलें.

येथें पालकांस एक सूचना. हल्लीं बहुतेक घरीं कॅमेऱ्याचा फोन असतो. मुलगा सायकल चालवीत असतांना बाजूनें एक चित्र घ्यावें. कमान झालेली पाठ, ताठ कोपरें, मागें मोडलेली मान हें सर्व त्यांत एका दृष्टिक्षेपांत दिसतें. मूल वर्षांत कित्येक सेंटिमीटर वाढतें. म्हणून दर सहामाहीस सीटची उंची पुन्हां मोजावी. मात्र प्रत्येक दुखणें सायकलीचेंच असतें असें समजूं नये. पडल्यानंतर सुरू झालेली वेदना, हातांत किंवा पायांत येणाऱ्या मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, रात्रीं झोंप मोडणारी कळ, किंवा बरोबर ताप, यांपैकीं कांहीं असेल तर पाना बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. सायकल उतरल्यावरही मान दुखतच राहिली तरी तेंच करावें.

आमची मुदत संपली तेव्हां काय झालें? "दुखणें हत्तीच्या पायानें येतें आणि मुंगीच्या पायानें जातें" म्हणतात तें खरें. सीट उतरविल्यावर आठवड्याभरांत कंबर शांत झाली. मानेस मात्र संबंध महिना लागला, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्रीं उशिरांपर्यंत पुस्तकावर वांकून बसल्यावर ती अजूनही कुरकुरते. त्यास सायकल जबाबदार नाहीं! खर्च म्हणाल तर एक जुनें स्टेम, एक ब्रेकची तार आणि एक कॅरिअर, एवढाच. एके संध्याकाळीं मुलगा घरीं आला, सायकल ओसरीस लावली, आणि आडवा न होतां गणिताची वही घेऊन बसला. वहिनींनीं तें स्वयंपाकघरांतून पाहिलें. भंगारवाल्याचें नांव त्यानंतर आमच्या घरीं कोणी काढलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमची सायकल कोणासाठीं बनली होती हें तुम्हांस बदलतां येणार नाहीं. परंतु ती कोणास बसावी हें पुष्कळ अंशीं तुमच्या हातीं आहे. दुखणें मुकाट्यानें सोसणें म्हणजे धैर्य नव्हे, आणि दुखतें म्हणून वस्तु फेंकून देणें म्हणजे विचार नव्हे. येत्या रविवारीं एक पट्टी, एक पेन्सिल आणि एक वही घेऊन आपल्या सायकलीजवळ बसा, आणि वडील माणसांसही बोलवा. मापें घ्या. अंगण कोठें वांकडें आहे तें सांपडेल.